बराकीत कुणी खोकत कसं नाही?

चार महिने खपून लिहिलेलं कादंबरीचं प्रकरण बाबांनी दीड दिवसात वाचलं आणि पेन्सिलीने आठ-दहा खुणा करून परत दिलं. बावीस पानं होती. पहिल्याच पानावर साठ पोरं पहाटेच्या अंधारात आपापल्या चारपाईसमोर सावधान उभी आहेत आणि उस्ताद एकेकाच्या नाकाला नाक लावून ओरडत पुढे सरकतोय. माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात जमलेला परिच्छेद. त्याच्या समासात एकच शब्द होता: "खोकला?"

मला वाटलं, अक्षर लागत नाहीये.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

"खोकला. साठ पोरं एका बराकीत झोपतात आणि तुझ्याकडे कुणी खोकत नाही." मग पान उलटून म्हणाले, "झोपही येत नाहीये कुणाला. सगळे कसे टक्क जागे."

बाबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. नोकरीतली सहा वर्षं, दोन हप्त्यांत, ते प्रशिक्षण केंद्रावर उस्ताद होते. म्हणजे नव्याने भरती झालेल्या रंगरुटांना शिकवणारे. घरात असा माणूस असताना त्याला न विचारता हे प्रकरण लिहिलं याची आता लाज वाटते. पण तेव्हा विचारावंसंच वाटलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं ना! सिनेमे पाहिले होते, कादंबऱ्या वाचल्या होत्या. डोकी भादरतात, शिव्या घालतात, चिखलातून सरपटवतात. एक लठ्ठ किंवा भित्रा पोरगा असतो, एक अतिशहाणा असतो. उस्ताद आधी राक्षस वाटतो आणि शेवटच्या परेडला त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं माझ्या बावीस पानांत ओळीने होतं. शिवाय माझ्या कादंबरीतली फौज काल्पनिक, देशालाही नाव नाही. तेव्हा चूक पकडणार कोण, असा एक छुपा हिशोबही होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून 'फुल मेटल जॅकेट' पाहिला. बाबांनी आधी पाहिला नव्हता. मी तिसऱ्यांदा पाहत होते, आणि खरं म्हणजे सिनेमाकडे कमी, त्यांच्या तोंडाकडे जास्त. १९८७ चा हा सिनेमा. त्याचा पहिला जवळजवळ पाऊण तास मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या पॅरिस आयलंडवरच्या प्रशिक्षणाचा आहे, आणि जगभर आज 'बूट कॅम्प' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते बहुतेक याच पाऊण तासातलं. त्यातला सार्जंट हार्टमन साकारणारा आर. ली अर्मी हा मुळात नट नव्हे. साठच्या दशकात तो स्वतः मरीन्सचा ड्रिल इन्स्ट्रक्टर होता. दिग्दर्शक क्युब्रिकने त्याला आधी तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलं होतं. मग त्याचं ओरडणं ऐकून भूमिकाच त्याला दिली. बरेचसे संवाद त्याचे स्वतःचेच आहेत. म्हणजे याहून अस्सल काय असणार, असा माझा समज.

सुरुवातीच्याच एका प्रसंगात एक जाडगेला पोरगा काही केल्या हसू आवरू शकत नाही. सार्जंट समोर उभा राहून वाट्टेल ते बोलतोय आणि याच्या ओठांचे कोपरे वर सरकतायत. बाबा तिथे पुढे सरकून बसले.

"हे खरंय. हे अगदी खरंय. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं भीतीने नाही, हसू दाबून दाबून मरतात. आणि उस्तादाचीही तीच गत असते, फक्त त्याच्याकडे टोपी असते. खाली ओढायची."

पण पाचच मिनिटांनी म्हणाले, "बाकीचे कुठे गेले?"

"कोण बाकीचे?"

"उस्ताद. हा एकटाच आहे का? साठ-सत्तर पोरांना एकटा? झोपतो कधी हा?"

मी नंतर वाचलं तर खरंच, मरीन्सच्या एका प्लाटूनवर निदान तीन इन्स्ट्रक्टर असतात. त्यातला वरिष्ठ काळा पट्टा लावतो, बाकीचे हिरवा. कामंही वाटलेली. एकाने ड्रिल बघायचं, एकाने सतत मानेवर बसायचं, आणि वरिष्ठाने जरा लांबून, थोडंसं वडीलधाऱ्यासारखं वागायचं. रंगरुटाला वाटतं, तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसं आहेत. असतात त्या वाटून घेतलेल्या भूमिका.

कथेला हे परवडत नाही. कथेला एक राक्षस हवा असतो आणि त्याच्यासमोर एक पोरगा. दोघांचं जमलं किंवा बिघडलं की गोष्ट होते. माझ्याही प्रकरणात एकच उस्ताद होता आणि त्याला माझ्या नायकाशी वैर करायला भरपूर वेळ होता. बाबांनी तिथे लिहिलं होतं, "याला बाकी एकोणसाठ दिसत नाहीत का?"

इथे मला माझं लहानपण आठवलं, आणि माझाच राग आला, कारण ही गोष्ट सिनेमात शोधायची गरजच नव्हती. नवीन बॅच आली की पहिले आठ-दहा दिवस बाबा घरात बोलायचे नाहीत. रागाने नव्हे, आवाजच नसायचा. घशातून नुसती हवा यायची. आई पाटी-पेन्सिल काढून ठेवायची. पोरं उठायच्या तासभर आधी उठून जायचे आणि पोरं झोपल्यावर परत यायचे. बूट काढताना खुर्चीतच डोळा लागायचा. एकदा मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं तर झोपेतच खाडकन उभे राहिले. पडद्यावरचे सार्जंट दोन मिनिटं ओरडतात आणि कट होतो. खऱ्याला ते दिवसभर करायचं असतं, आठवडाभर, मग पुढच्या बॅचला पुन्हा. आवाज गळ्यातून काढला तर तीन दिवसांत जातो, पोटातून काढायला शिकावं लागतं, आणि ते शिकवायला उस्तादांचाही एक कोर्स असतो, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"राग खरा असायचा का हो?" मी विचारलं.

"खरा राग आला की मी बराकीबाहेर जायचो. दुसऱ्याला आत पाठवायचं आणि आपण टाकीपाशी जाऊन तोंड धुवायचं. खऱ्या रागात माणूस मोजायचं विसरतो."

मोजणं हा बाबांचा शब्द आहे. सिनेमातल्या बूट कॅम्पमध्ये तो जवळजवळ नसतोच. प्रत्यक्षात, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, शिकवण्याच्या आधी मोजणं असतं. माणसं मोजा. रायफली मोजा. गाद्या मोजा. झोपायच्या आधी मोजा, उठल्यावर मोजा, संडासातून परत आल्यावर मोजा. 'फुल मेटल जॅकेट'मध्ये त्या जाडगेल्या पोराचं जे होतं ते ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना माहीत आहेच. शेवटच्या रात्री बराकीच्या संडासात तो भरलेली रायफल घेऊन बसलेला असतो. जगभर गाजलेला प्रसंग. बाबा मात्र तिथे अस्वस्थ झाले, आणि तेही भलत्याच कारणाने.

"ही गोळी रेंजवरून आत आलीच कशी?"

मी म्हटलं, बाबा, त्या पोराचं डोकं फिरलंय, त्याकडे बघा ना.

"डोकं फिरतं गं. ते होऊ शकतं. गोळीचं सांग."

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. रेंजवर प्रत्येकाला मोजून राऊंड देतात आणि फायर झाल्यावर तेवढीच रिकामी खोकी परत घेतात. एका दुपारी एक खोकं कमी भरलं. एक. बोटाच्या दीड पेराएवढं पितळेचं नळकांडं, ज्यात दारूही नाही आणि गोळीही नाही. अख्खी तुकडी गुडघ्यांवर बसली आणि रेंजचं गवत हातांनी चाळायला लागली. ऊन उतरलं, गाड्या येऊन उभ्या राहिल्या, वर कळवावं लागलं. अंधार पडत आला तेव्हा एक पोरगा रडवेला होऊन उभा राहिला. खोकं त्याच्या दुमडलेल्या बाहीत होतं. रायफलीतून उडालं ते सरळ बाहीत जाऊन बसलं होतं. गरम खोकं दंडाला चिकटून भाजलं होतं, पण फायरिंगच्या धांदलीत आणि नंतर भीतीच्या पोटी त्याला ते जाणवलंच नव्हतं. चार तास तो स्वतःच्या बाहीतली वस्तू गवतात शोधत होता.

"काय केलंत त्याचं?"

"काय करणार? फोडाला मलम लावलं. आणि मग सगळ्यांना रगडा दिला, मलाही पकडून."

रगडा म्हणजे शिक्षेची, दमवणारी कवायत. 'मलाही पकडून' म्हणजे काय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. हा किस्सा मी लगेच वहीत उतरवून घेतला. माझ्या बावीस पानांतला एकही प्रसंग त्याच्या जवळपास जात नव्हता, कारण माझ्या पानांवर सगळ्यांना सगळं जाणवत होतं.

मारहाणीबद्दल विचारलं तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. सिनेमातला सार्जंट सर्रास थोबाडीत मारतो, गळा धरतो. "व्हायचं," एवढंच म्हणाले, "नियमात नव्हतं. माझ्याकडूनही दोनदा झालंय. त्या दोघांची नावं आठवतात." मी पुढे खोदलं नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला एक तारीख आहे. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंडवर मॅथ्यू मॅकिऑन नावाच्या स्टाफ सार्जंटने शिस्त लावायची म्हणून आपली प्लाटून रिबन क्रीक या खाडीच्या पाण्यात उतरवली. सहा रंगरूट बुडून मेले. हा माणूस काठावर उभा राहून हुकूम देत नव्हता. तो स्वतः सगळ्यांच्या पुढे पाण्यात चालत होता. कोर्ट मार्शल झालं. मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंबद्दल आणि ड्यूटीवर दारू प्यायल्याबद्दल दोषी ठरला. त्यानंतर इन्स्ट्रक्टरांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढली, आणि त्याच वर्षी त्यांना ती गोल, रुंद काठाची टोपी मिळाली. म्हणजे सिनेमातल्या सार्जंटची जी सगळ्यात मोठी ओळख, ती टोपी, तिच्या जन्माच्या वेळची हवा ही होती. मला हे वाचून टोपीकडे पूर्वीसारखं बघता येईना. गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'द डी. आय.' (म्हणजे ड्रिल इन्स्ट्रक्टर) नावाचा सिनेमा आला. त्यात बरीचशी कामं खऱ्या मरीन्सनीच केली आणि त्यातला एक मुख्य प्रसंग असा की एका रंगरुटाने एक वाळूतला किडा मारला म्हणून त्या किड्याची शोधाशोध चालते. सहा मुलं बुडाल्यानंतर वर्षभराने पडद्यावर किड्याचं प्रेत.

माझ्या प्रकरणातल्या एका गोष्टीवर बाबा सरळ सरळ हसले. एक पोरगा रगड्याला कंटाळून टोपी उस्तादाच्या पायाशी ठेवतो आणि मान ताठ ठेवून गेटकडे चालू लागतो. मागे सूर्य वगैरे.

"हा चालला कुठे?"

"सोडून."

"गेट उघडं ठेवलंय होय त्याच्यासाठी?"

इथे माझा घोळ दोन वेगळ्या गोष्टींत झाला होता, आणि तो कथा-सिनेमांत नेहमी होतो. एक असतं ते साधं, सगळ्यांसाठीचं प्राथमिक प्रशिक्षण. दुसरी असते ती खास तुकड्यांसाठीची निवड. अमेरिकी नौदलाच्या सील तुकडीच्या प्रशिक्षणात एक पितळी घंटा असते. ज्याला सोडायचंय त्याने ती वाजवायची आणि जायचं. तिथे माणसं गळावीत हाच हेतू. १९८२ च्या 'अॅन ऑफिसर अँड अ जंटलमन'मध्येही सार्जंट नायकाला 'सोड, सोड' म्हणून पिळून काढतो ते शोभतं, कारण ते भावी अधिकारी आहेत आणि त्यांना आपणहून बाहेर पडायची मुभा आहे. (लुई गॉसेट ज्युनिअरला त्या सार्जंटसाठी ऑस्कर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं.) साध्या रंगरुटाचं उलटं असतं. भरती करायला, कपडे-बूट द्यायला, पोसायला खर्च झालेला असतो. तो गेला तर उस्तादाला जाब विचारतात. बाबांचं सगळं कसब पोरं गाळण्यात नव्हतं, साठातली जास्तीत जास्त पार नेण्यात होतं.

"मग पोरं घाबरायची कशाला?"

"मागे पडायला."

म्हणजे रेलिगेट व्हायला. आजारी पडलास, पाय मोडला, फायरिंगमध्ये नापास झालास, तर तुला मागच्या बॅचमध्ये टाकतात. ज्यांच्याबरोबर तीन महिने काढले ते पुढे जातात, कसम परेड करतात, आणि तू अनोळखी पोरांत पुन्हा तेच. मरीन्समध्येही हेच होतं. बाबा म्हणतात, शिव्यांनी रडणारा पोरगा त्यांनी क्वचित पाहिला. ट्रंक उचलून दुसऱ्या बराकीत जाताना रडणारे खूप पाहिले. असा प्रसंग मी कुठल्याच सिनेमात पाहिलेला नाही. कुणी पाहिला असेल तर जरूर सांगा.

आणि पाय मोडतात ते उंच भिंतीवरून पडून नव्हे, चालून. नव्या पोराचे स्नायू दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, हाडांना जास्त वेळ लागतो. भार रोज वाढत असतो, हाडाची डागडुजी मागे पडते, आणि पावलातल्या बारीक हाडाला चीर जाते. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच सैनिकांच्या या सुजलेल्या पावलांचं वर्णन करून ठेवलंय, एक्स-रेचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी. त्याला 'मार्च फ्रॅक्चर' असंच नाव पडलं. माझा नायक मात्र दोरावरून हात सुटून पडला होता. बाबांनी दोर खोडून 'पायमोजा?' असं लिहिलं होतं. मोजा ओला राहिला, फोड आला, फोड सांभाळत पाऊल तिरकं टाकलं, आठ दिवसांनी घोटा गेला. असं त्यांना म्हणायचं होतं.

आता खोकल्याकडे येते.

दहा दिशांनी साठ पोरं येतात. प्रत्येक जण आपापल्या गावचा सर्दी-ताप बरोबर आणतो. त्यांना एका लांब खोलीत, हातभर अंतरावरच्या चारपायांवर झोपवायचं, झोप पुरी होऊ द्यायची नाही, घामाच्या अंगाने थंड हवेत उभं करायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी बराक खोकायला लागते. एक थांबला की दुसरा. रात्री पहाऱ्यावरच्या पोराला आवाजावरून कळतं, कुठल्या चारपाईचा कोण. जगातल्या कितीतरी फौजांमध्ये हे आहे, आणि त्यामागच्या एका विषाणूचं नावही आता सापडलंय, अॅडिनोव्हायरस. अमेरिकी सैन्याने १९७१ पासून रंगरुटांना त्याच्या ४ आणि ७ या प्रकारांवरची लस गोळ्यांच्या रूपात द्यायला सुरुवात केली. १९९६ मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं, १९९९ पर्यंत साठा संपला, आणि बराकी पुन्हा खोकू लागल्या. २०११ मध्ये गोळ्या परत आणाव्या लागल्या. ज्या विषाणूसाठी जगातलं एवढं मोठं सैन्य लस बनवून घेतं, त्याला मी पाहिलेल्या बूट कॅम्पच्या एकाही सिनेमात एक ओळ नाही.

यावरून माझा एक लाडका प्रसंग गेला. दोन मित्र रात्री दिवे गेल्यावर शेजारशेजारच्या चारपायांवरून कुजबुजतात. घरच्या आठवणी वगैरे. बाबांनी त्याला फुली मारली होती.

"साथ असली की उलटसुलट झोपवायचे. एकाचं डोकं तिकडे, शेजारच्याचं इकडे. म्हणजे तोंडावर खोकणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "हा ज्याच्याशी मन मोकळं करतोय ना, त्याचे पाय आहेत तिथे."

ही पद्धत अमेरिकी बराकींतही होती. मी हट्टाने तो प्रसंग बदलून पाहिला. पायांशी बोलणारा मित्र. आणि सांगायला हरकत नाही, आधीपेक्षा बरा झालाय.

झोपेचं तर विचारूच नका. पीटी झाल्यावर, अंघोळ झाल्यावर, पोरांना वर्गात बसवून नकाशा वाचायला शिकवायला घेतलं की पाचव्या मिनिटाला माना पडायला लागतात. मग ज्याला झोप येते त्याने उठून मागे उभं राहायचं. थोड्या वेळाने निम्मा वर्ग मागे उभा असतो, आणि त्यातले दोघे उभ्याउभ्या झोपलेले. परेड ग्राउंडवर गुडघे गच्च ताणून उभा राहिलेला एखादा धाडकन आडवा होतो. तो पडला तरी शेजारच्याने हलायचं नाही. हे सगळं पडद्यावर अगदीच दिसत नाही असं नाही, पण तिथे थकलेला माणूस घामाने चकचकीत दिसतो. खरा थकलेला पोरगा मठ्ठ दिसतो. त्याला डावा-उजवा पाय कळत नाही, स्वतःचं नाव विचारलं तर दोन सेकंद लागतात.

आणि मुळात प्रशिक्षण त्या मठ्ठपणासाठीच असतं, असं बाबांचं म्हणणं. डोकं चालत नसताना हात चालले पाहिजेत. म्हणून तीच रायफल शंभर वेळा खोलायची आणि जोडायची, तीच चादर रोज त्याच कोनात दुमडायची. मरीन्सचं प्रशिक्षण तेरा आठवड्यांचं आहे, म्हणजे एक्क्याण्णव दिवस. त्यात १९९६ पासून चोपन्न तासांची 'क्रुसिबल' नावाची शेवटची परीक्षा असते, जेमतेम झोपेची आणि तुटपुंज्या अन्नाची. कथाकार त्या चोपन्न तासांवर तुटून पडणार हे उघड आहे. मीही पडले असते. उरलेले बहुतेक दिवस एकमेकांसारखे दिसतात, म्हणून सिनेमा ते गाणं लावून दीड मिनिटात उरकतो. धावणं, पडणं, चिखल, पुन्हा धावणं, सूर्योदय, आणि पोरगा तयार. जे कापलं ते काम करत होतं. पण चव्वेचाळीस वेळा दुमडलेली चादर पानावर कशी आणायची, हे मला अजून सुटलेलं नाही. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मलाच झोप लागली, जे एका अर्थी यशच म्हणायचं.

शेवटची खूण सगळ्यात जाचक होती. माझं प्रकरण प्रथमपुरुषी आहे. मी उभा राहिलो, मला वाटलं, माझ्या मनात आलं. बाबांनी एका पानावरच्या सगळ्या 'मी'भोवती गोल केले होते. तेवीस होते.

"एवढा 'मी' कुठून आणला याने? तिसऱ्या आठवड्यात?"

मी त्यांना सांगितलं की लेखनात असं चालतं. मग वाचताना कळलं की मरीन्सच्या रंगरुटाला 'मी' म्हणायचीच बंदी असते. 'हा रंगरूट संडासला जायची परवानगी मागतो' असं बोलायचं. सर्वनामच काढून घेतात. आणि मी त्या माणसाकडून पानोपानी 'मला वाटलं' वदवून घेत होते. यावर उपाय म्हणून मधली अकरा पानं आता 'आम्ही'त लिहिली आहेत. 'आम्हाला झोप आली.' 'आमचा पाय सुजला.' शेवटी शेवटी 'मी' हळूच परत येतो. बाबांना ते पटलंय की नाही कळत नाही, त्या पानांवर खूण नाही.

अर्मीबद्दल एक राहिलं. प्रत्यक्ष नोकरीत तो स्टाफ सार्जंट म्हणून निवृत्त झाला होता, सिनेमातला हार्टमन गनरी सार्जंट. २००२ मध्ये मरीन कोअरने निवृत्तीनंतर तीस वर्षांनी त्याला मानद बढती दिली आणि गनरी सार्जंट केलं. पडद्यावर मिळालेला हुद्दा फौजेने खरा करून टाकला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे शेवटी शेवटी पोरं सिनेमे बघून यायची. मी नुसता शांतपणे 'उद्या सकाळी भेटू' म्हटलं की जास्त घाबरायची. त्यांना ओरडणं अपेक्षित असायचं."

प्रकरण नव्याने लिहून संपादकबाईंना पाठवलं. आता बराक पान दोनपासून खोकते. खोकं हरवतं, घोटा जातो, एक पोरगा ट्रंक उचलून मागच्या बराकीत जातो. परवा बाईंचा फोन आला. आवडलंय म्हणाल्या. फक्त एक शंका होती.

"तो खोकला. इतक्या वेळा आलाय, तर पुढे त्याचं काय होतं? क्षय वगैरे निघणार आहे का कुणाला? कारण एवढा खोकला आला की वाचक धरून चालतो, कुणीतरी जाणार."

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. बाबा समोरच चष्मा पुसत बसले होते. त्यांना विचारलं, बाबा, त्या खोकल्याचं पुढे काय होतं?

"काय व्हायचंय? आठ-दहा दिवसांनी जातो," ते म्हणाले. "मग नवीन बॅच येते. त्यांना होतो."